पार्सलवरचं नाव

वसंताने स्वतःच्या मरणाची तार स्वतःच वाचली.

दुपारची वेळ होती. परळच्या आमच्या चाळीत, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत आम्ही तिघी बसलो होतो. द्रौपदा जवळा, म्हणजे सुकी बारीक कोळंबी, निवडत होती, तिची धाकटी जाऊ शेवंता तांदूळ बघत होती आणि मी नुसतीच बसले होते. तारवाला जिन्यातूनच जाधव, जाधव करत वर आला. मजल्यावर इंग्रजी येणारा एकच माणूस, शेवंताचा वसंता. त्याने सही केली, पाकीट फोडलं, कठड्याशी उभा राहून ओठ हलवत वाचलं. मग पुन्हा वाचलं. आमच्याकडे वळून पेपरातली बातमी सांगावी तसा म्हणाला, "वसंत सखाराम जाधव मारला गेला, असं लिहिलंय."

शेवंता हसली. मी माझ्या कानांनी ऐकलं, ती हसली. "मेल्या, असली थट्टा करतात होय," म्हणाली आणि पुन्हा तांदळात बोटं घातली.

द्रौपदा उठली. सूप कलंडलं, जवळा फरशीवर पसरला. तिने त्याच हाताने वसंताचं तोंड दाबलं, त्याला ढकलत आपल्या खोलीत नेलं आणि बाहेरून कडी घातली. तारवाला अजून जिन्याच्या तोंडाशी उभा होता. अशी तार दिली की तो थोडा थांबायचा, कोणी बेशुद्ध पडलं तर हाक मारायला. ती त्याला म्हणाली, "कळलं आम्हाला. तू जा." तो गेला. त्याच्या वहीत सही होती ती व्ही. एस. जाधव अशी. मेलेल्याने आपल्या मरणाची पोच दिली होती आणि तारवाल्याने ती बघितलीसुद्धा नव्हती.

मग द्रौपदा खाली बसली आणि सांडलेला जवळा चिमटीने गोळा करून सुपात भरू लागली. सगळा भरला, फरशीच्या भेगेतलासुद्धा. मी तिच्याकडे बघत राहिले.

तारेत मेलेला वसंत म्हणजे खोलीत कोंडलेला वसंत नव्हता. मेला होता तो मधू. द्रौपदाचा एकुलता एक मुलगा. तो फौजेत वसंताच्या नावाने गेला होता, आणि त्याला तसं पाठवायची अक्कल द्रौपदाची होती.

द्रौपदा धोंडीराम जाधव माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आम्ही दोघी एकाच मिलमध्ये, वायंडिंग खात्यात. तिथे सगळ्या बायकाच. बॉबिनवरचं सूत मोठ्या कोनावर चढवायचं, तुटलं की गाठ मारायची, दिवसभर हेच. आम्हाला तुटलेलं टोक सापडेपर्यंत तिची गाठ मारून झालेली असायची. मी चौथी शिकलेली. ती शाळेत गेलीच नव्हती, पण कुठलंही कापड अंगठा आणि बोटाच्या मधे धरून सांगायची, किती धुण्यांत विरेल. हिंदमाताच्या कापडदुकानांत तिला बघितलं की पोरं कपाळाला हात लावायची. चांगल्या साडीचा पदर चोळून ती गिऱ्हाइकांसमोर म्हणायची, "हे लुगडं का चाळण?"

सकाळी मिश्री लावल्याशिवाय ती कोणाशी बोलत नसे आणि लावल्यावरही फार बोलत नसे. तिचा एक प्रश्न ठरलेला होता. कोणी काहीही सांगितलं, लग्न ठरलं, नोकरी लागली, नवरा दारू सोडतो म्हणाला, की ती विचारायची, "बरं, पुढे काय?" ब्याऐंशीच्या संपाच्या वेळी मिलच्या गेटवर एका पुढाऱ्याने दोन तास भाषण केलं. टाळ्या थांबल्यावर ही मोठ्याने म्हणाली, बरं, पुढे काय. माणसं हसली. काहींनी तिला गप्प बसवलं. पुढे काय ते आम्हाला वर्षभराने कळलं. मिल अर्धीमुर्धी चालू झाली, पण वायंडिंगच्या बायकांना आत घेतलं नाही.

तिचा नवरा संपाच्या आधीच छातीच्या आजाराने गेला होता. शेवंताचा नवरा सखाराम संप लांबला तसा गावी, रत्नागिरीकडे, भात लावायला निघून गेला. समोरासमोर दोन खोल्या, दोन जावा आणि दोन पोरगे. मधू अंगाने दणकट, धावण्यात कोणाला ऐकायचा नाही, पण आठवी नापास. वसंता मॅट्रिक पास, पण छाती कोंबडीच्या पिलाएवढी, पावसाळाभर खोकायचा. द्रौपदा वरळी कोळीवाड्यातून सुकी मासळी आणून लालबागच्या फुटपाथवर विकायला लागली होती. फौजेची भरती आहे असं तिने तिथेच कोणाकडून ऐकलं आणि घरी येऊन पोरांना समोर बसवलं. एकाकडे छाती आहे, एकाकडे दाखला आहे, म्हणाली.

हे ऐकून बाहेरच्या माणसाला धक्का बसेल. आम्हाला बसला नाही. मिलमध्ये बदली कामगार असायचे, म्हणजे कायमचा माणूस आला नाही की त्याच्या जागी दिवसापुरता लागणारा. कितीदा पास एकाचा आणि मशीनवर माणूस भलताच. भावाच्या पासावर भाऊ, काकाच्या पासावर पुतण्या. जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, ठाऊक असायचं, तोही गप्प. माणूस उभा राहिला, काम झालं, विषय संपला. द्रौपदाला वाटलं, फौज ही पण एक मोठी मिलच असेल. "चार वर्षं वसंताच्या पासावर लागेल," म्हणाली, "मिल उघडली की येईल परत."

मधू वसंताचा दाखला घेऊन गेला आणि पहिल्याच फेरीत घेतला गेला. महिन्याने एक पोलीस हवालदार चाळीत चौकशीला आला. गॅलरीत खुर्ची टाकून बसला. मधूकडे बोट करून त्याने मला विचारलं, हाच का वसंत सखाराम जाधव. मी हो म्हटलं. लहानपणापासून ओळखता? हो. कागद पुढे केला, मी सही केली, चौथीतल्या मोठ्या अक्षरांत. खरा वसंता त्याला पाणी आणून देत होता. हवालदार त्याच्याकडे बघून म्हणाला, "तू पण जा की रे फौजेत, अंग भरेल." कोणी हसलं नाही.

मग पार्सलं सुरू झाली.

महिन्यातून एकदा, न चुकता. घाटी मसाल्याची पुरचुंडी, कुळथाचं पीठ, नाचणीचे लाडू, आमसुलं, आणि जवळा किंवा सुकट तर हवीच. जवळा ती आधी कोरडा भाजायची, मग दोन कागदांत, मग प्लास्टिकमध्ये, मग जुन्या डब्यात. डब्यावर मांजरपाटाचं जाड कापड. हिंदमाताच्या दुकानदारांकडून ती तुकडे मागून आणायची. दाभणाने दुहेरी दोऱ्याचे टाके घालायची, इतके जवळ की नख घुसणार नाही. टाके घालून झाले की वसंताला हाक. वसंता शाईच्या पेन्सिलीने इंग्रजीत पत्ता लिहायचा. नंबर, पलटण, आणि सगळ्यात वर नाव. स्वतःचंच. पहिल्या वेळी तो नाव लिहून थांबला आणि म्हणाला, "काकी, मी मलाच पाठवतोय असं वाटतंय." ती म्हणाली, "तुला पाहिजे तर तू फुटपाथवर बस माझ्याबरोबर, तिथे फुकट खा."

पोस्टातला कारकून नाक मुरडायचा. एकदा त्याने पार्सल दोन बोटांनी धरून परत केलं. वासाची वस्तू घेत नाही, म्हणाला. हिने पार्सल पुन्हा खिडकीत सरकवलं. तो म्हणाला, बाई, आत काय आहे ते तरी सांगा. ती म्हणाली, "जेवण आहे. तुझ्या घरी काय गुलाब शिजवतात?" मागे रांग होती. रांगेतल्या बायका हसल्या. त्याने शिक्का मारला. पुढच्या महिन्यात तिने त्याच्यासाठी वेगळी पुडी नेली, मुठीएवढी. त्यानंतर त्याला कधी वास आला नाही.

पत्रं मी लिहायची. फौजेत साहेब पत्रं उघडून वाचतात, असं मधूनेच कळवलं होतं. त्यामुळे मायना ठरला तो, चिरंजीव वसंतास काकीचे अनेक आशीर्वाद. पहिलं पत्र मी लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. काकी या शब्दावर ती मिश्रीचं बोट दातावर ठेवून थांबली. मी म्हटलं, बदलू का. ती म्हणाली, "हं. पुढे लिही." एवढंच. पुढची चार वर्षं ती तिच्या पोराची काकी होती.

पत्रात ती कौतुक कधी सांगायची नाही, नुसते हुकूम. पाय कोरडे ठेव. मिळेल ते खा. एकदा मधूने लिहिलं की साहेबाने त्याला पुढच्या तुकडीत घेतलंय. तिने लगेच मला उत्तर लिहायला बसवलं. "लिही," म्हणाली, "पुढे पुढे करू नको. मागे पण राहू नको, नावं ठेवतील. मधे राहा." मी तसंच लिहिलं.

पार्सल पहिल्यांदा उघडलं तेव्हा बराकीतल्या उत्तरेकडच्या जवानांना वाटलं, उंदीर मेला. त्यांनी सगळ्या पेट्या हलवून बघितल्या. मग जवळ्याची चटणी खाल्ली आणि पुढच्या वेळी तेच पार्सलची वाट बघू लागले. हळूहळू त्या पोरांची पत्रं यायला लागली, काकीच्या नावाने. साताऱ्याकडचा शिंदे म्हणून एक होता, त्याला आई नव्हती. त्याच्यासाठी ती लाडवांची वेगळी पुडी बांधायची. कोणी तरी लिहिलं, काकी, चटणी फार तिखट. तिने उत्तर लिहायला लावलं, तिखट लागलं तर पाणी पी, पत्र कशाला लिहितोस.

मधू एकदाच सुट्टीवर आला. चाळीतली माणसं त्याला बघायला जिन्यावर उभी. हाताचे स्नायू बघा, मिशा बघा. दुसऱ्या दिवशी तो गॅलरीच्या टोकाला पोरांबरोबर कॅरम खेळत होता. द्रौपदाने खोलीच्या दारातून हाक मारली, मधू. त्याने वळून बघितलं नाही. तिने पुन्हा मारली. मी तिच्या शेजारी उभी होते. मला वाटलं, खेळात आहे. मग शेवंता आपल्या खोलीतून वसंताला ओरडली, आणि मधू उठून उभा राहिला, ताठ, हात बाजूला. दोघी जावा एकमेकींकडे बघायला लागल्या. मधू ओशाळला, हसला, म्हणाला, सवय झाली गो आये. द्रौपदा आत गेली. संध्याकाळी मला म्हणाली, "नाव दिलं ते दिलं. माणूस तर माझाच आहे."

त्यानंतर वर्षभरात त्यांची पलटण श्रीलंकेत गेली. पत्रं उशिरा यायला लागली. पार्सल पोचतं की नाही कळेना. तरी ती पाठवतच होती. तार आली त्या दुपारी ती जो जवळा निवडत होती, तो पुढच्या पार्सलाचाच होता.

आता पुन्हा त्या दुपारकडे येते.

जवळा भरून झाल्यावर तिने दाराची कडी काढली. आम्ही तिघी आत गेलो. वसंता भिंतीला टेकून उभा होता, तोंडाला जवळ्याची पूड लागलेली, ती त्याने पुसली नव्हती. तो म्हणाला, मी आत्ता जातो आणि सांगतो. तो मधू आहे, मी नाही. शेवंता त्याचे हात, तोंड, केस चाचपत होती, खरंच आहे का बघावं तशी.

द्रौपदा म्हणाली, "सांगून पुढे काय?"

वसंताने दाराकडे पाऊल टाकलं. ती आडवी आली.

"तुला धरतील. दाखला तू दिलास. तुझ्या आयेला धरतील. सुमनला धरतील, तिने सही केलीय." सुमन म्हणजे मी. "मला धरतील ते सोड. त्याने मधू येणार आहे का परत?"

"पण काकी, त्याच्या नावाने कोणी रडणार पण नाही?"

"रडायचं माझं मी बघते. तू आज इथून हल."

मला लाज वाटते, पण लिहिते. ती माझं नाव घेईपर्यंत मी मधूचा विचार करत होते. नाव घेतल्यावर मी माझ्या सहीचा विचार करायला लागले. वसंताने खरं सांगितलं असतं तर ती तिच्या पोराची आई झाली असती, निदान त्याच्या राखेपुरती. गप्प बसल्याने वसंता वाचणार होता, शेवंता वाचणार होती, मी वाचणार होते. तिला काहीच मिळणार नव्हतं. आणि मी तोंड उघडलं नाही.

वसंताला तिने वरळी कोळीवाड्यात पाठवलं, ज्या हिराबायकडून ती सुकी मासळी घ्यायची तिच्या घरी. हिराबायने काही विचारलं नाही. दोन आठवडे तो तिथे वाळत टाकलेले बोंबील उलटत बसला.

इकडे चाळीच्या तोंडाशी फलक लागला, शहीद वसंत जाधव अमर रहे. फोटो मधूचा. दुसऱ्या दिवशी कोणी पुढारी आला, त्याने हार घातला आणि सांगितलं की वसंताला तो लहान असल्यापासून ओळखायचा. चाळीस खोल्यांची आमची चाळ. प्रत्येकाला खरं माहीत होतं. पाण्यावरून एकमेकींची डोकी फोडणाऱ्या बायका होत्या, भाड्यावरून कोर्टात गेलेले भाऊ होते. कोणीही बोललं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. लहान पोरंसुद्धा नाहीत. हे कसं झालं, मला आजही कळत नाही.

अस्थी घेऊन तिघे आले. एक साहेब, एक हवालदार आणि एक तरुण जवान. सखाराम गावाहून आला होता. शेवंताला पांढरी साडी नेसवून मधे बसवली होती. द्रौपदा तिच्या मागे, मी बाजूला. साहेब हिंदीत बोलला, फार चांगलं बोलला, तुमचा मुलगा शूर होता वगैरे. शेवंता त्याच्याकडे बघत होती. तिला रडू येत नव्हतं. कुठून येणार? तिचा मुलगा दोन मैलांवर बोंबील वाळवत होता. साहेब बोलायचा थांबला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग मी बघितलं, द्रौपदाचा हात पदराखालून पुढे गेला आणि तिने शेवंताच्या दंडाला चिमटा काढला, पिळून.

"रड," ती तिच्या कानाशी म्हणाली. "रड गो. साहेब बघतोय."

शेवंता रडली. सुरुवातीला चिमट्याने असेल, मग तिला थांबवता येईना. वसंता, वसंता करून ती जमिनीवर आपटायला लागली. साहेबाचे डोळे भरले. पोराच्या खऱ्या आईने तिला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं आणि तिचा चेहरा कोरडा होता. मी आयुष्यात कोणाला भ्यायले असेन तर तिला, त्या वेळी.

मग तिने चहा केला. तिघांना कप दिले. तरुण जवान कप घ्यायला वाकला आणि म्हणाला, "तुम्ही काकी ना? मी शिंदे."

"लाडूवाला," ती म्हणाली.

"काकी, शेवटचं पार्सल तो गेल्यावर आलं. परत पाठवायला पाहिजे होतं. आम्ही फोडून खाल्लं. माफ करा."

"बरं केलंत. नासलं असतं." ती तिथेच उभी राहिली. मग विचारलं, "किती वाजता झालं?"

"सकाळी. सहा वाजले असतील. सुरुंग होता."

"काही खाल्लं होतं?"

"चहा घेतला होता फक्त."

तिने मान हलवली आणि रिकामे कप उचलायला लागली. शिंदे जाताना आधी शेवंताच्या पाया पडला, मग द्रौपदाच्या, आणि तिथून बराच वेळ उठला नाही. त्याला माहीत होतं की नाही, मला ठाऊक नाही. ती त्याला म्हणाली, उठ, तुझी माणसं खाली उभी आहेत.

दादरच्या चौपाटीवर अस्थी सोडल्या. भंतेजींनी वंदना घेतली. कलश सखारामच्या हातात होता, बाप म्हणून. तो गुडघ्याएवढ्या पाण्यात गेला आणि घुटमळला. द्रौपदा मागून चालत गेली, त्याच्या हातातून कलश घेतला आणि सरळ कमरेपर्यंत पाण्यात शिरली. कोणाला विचारलं नाही. काठावर माणसं होती, फोटोवाला होता, कोणी तरी म्हणालं, ही कोण. मी म्हटलं, काकी आहे. ती पाठमोरी होती. कलश रिकामा झाल्यावरही ती तशीच उभी होती, लाटा छातीपर्यंत येत होत्या. पुढे जाते की काय असं वाटून मी पाण्यात पाय घातले. तेव्हा ती वळली. बाहेर येऊन लुगड्याचा ओचा पिळला आणि म्हणाली, चला, सकाळपासून कोणी जेवलेलं नाही.

वसंता परत आला तेव्हा ती गोष्ट झाली जी मला सगळ्यात जड गेली. वसंत सखाराम जाधव सरकारदरबारी मेला होता. मधुकर धोंडीराम जाधव मात्र जिवंत होता. रेशनकार्डावर होता, शाळेच्या रजिस्टरात होता. द्रौपदाने रेशनकार्ड वसंतापुढे ठेवलं आणि म्हणाली, आजपासून तू मधू. दाखला माझ्याकडे आहे, आठवी नापासाचा. त्यावर मिळेल ते काम कर. मॅट्रिक विसर.

वसंता कार्डावरचं नाव वाचत राहिला. शेवंताने मात्र कपाळ बडवून घेतलं. "माझा पोरगा मला दे गो," म्हणाली. "तुझा गेला म्हणून माझा घेतेस?"

सगळ्या जन्मात द्रौपदाला इतकं वाईट कोणी बोललं नसेल. मी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही.

ती म्हणाली, "घे की. खोली समोरच आहे. जेवू घाल, झोपव. नाव तेवढं माझ्याकडे राहील."

तसंच झालं. वसंता एका कचेरीत शिपाई म्हणून लागला. तिथल्या साहेबाची इंग्रजी पत्रं तो चोरून दुरुस्त करायचा, पण कागदावर आठवी नापास, म्हणून शिपाईच निवृत्त झाला. शेवंताला पेन्शन आली, ती दोन्ही चुलींवर शिजली. वसंताचं लग्न झालं तेव्हा पत्रिकेत आई म्हणून द्रौपदाचं नाव आणि काकू म्हणून शेवंताचं. विहारात द्रौपदा मुद्दाम मागे बसली आणि शेवंताला पुढे ढकललं. आणि पार्सलं थांबली नाहीत. महिना भरला तसं तिने मांजरपाट काढलं, दाभणात दोरा ओवला. पत्ता कोणाचा, मी विचारलं. शिंदेचा, ती म्हणाली, त्याचं काय चुकलं? पलटण परत येऊन शिंदे फौजेतून सुटेपर्यंत ती पाठवत राहिली.

वर्षातून एकदा शहिदांच्या आयांचा सत्कार असायचा. गाडी यायची. द्रौपदा शेवंताची वेणी घालायची, निऱ्या नीट करायची आणि सोबत जायची. शेवंता स्टेजवर शाल घ्यायची, ही शेवटच्या रांगेत. वीस-बावीस वर्षं तसं चाललं. मी कधी कधी जायची. कंटाळवाणे कार्यक्रम असायचे.

मी द्रौपदाला धड चालती-बोलती शेवटची बघितली ती अशाच एका कार्यक्रमात. तोवर शेवंताचं डोकं जरा फिरल्यासारखं झालं होतं, कधी ओळखायची, कधी नाही. तरी नेलं. नाव पुकारलं, वीरमाता शेवंताबाई सखाराम जाधव. शेवंता जागेवरून उठेना. दोन पोरी तिला उठवायला आल्या. ती त्यांना मोठ्याने म्हणाली, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी, "माझा वसंता मेला नाय. घरी आहे. भात लावून आलेय मी, तो उतरवेल."

इतक्या वर्षांनी, अशा ठिकाणी. मी दरवाजाकडे बघितलं, कोणत्या बाजूने बाहेर पडायचं ते. मग स्टेजवरच्या साहेबाने मान खाली घातली. पुढच्या रांगेतली एक बाई डोळे पुसायला लागली, मग दुसरी. त्यांना वाटलं, आईचं मन आहे, मानत नाही. सगळे रडायला लागले. खरं सांगणारी एकटी शेवंता, आणि तिच्या खऱ्यावर कोणाचा विश्वास बसला नाही.

द्रौपदा उठली. पंच्याहत्तरी ओलांडलेली, पाठ वाकलेली. शेवटच्या रांगेतून स्टेजपर्यंत चालत गेली, कोणाचा हात न धरता. साहेबाने विचारलं, आपण कोण. माइक जवळ होता, म्हणून आम्हाला ऐकू आलं. तिने माइककडे बघितलं. मला वाटलं, आता सांगते. आता सांगायला तिला कोणाची भीती नव्हती, आणि मी म्हटलं, सांगू दे, बस झालं.

"काकी," ती म्हणाली. "द्या इकडे. तिला बरं नाही."

साहेबाने शाल तिच्या खांद्यांवर घातली आणि दोन्ही हात जोडून तिच्यापुढे वाकला. ती शाल पांघरूनच खाली आली. शेवंताच्या शेजारी बसली. शेवंताने शालीला हात लावून बघितला आणि म्हणाली, कोणाची गो. द्रौपदाने कापड अंगठ्याखाली चोळलं. "लोकर नाही," म्हणाली, "भेसळ आहे." पण काढली नाही. घरी येईपर्यंत अंगावर होती.

त्याच वर्षी ती गेली, पंधरा दिवस अंथरुणात पडून. अग्नी मुलाने दिला, मधुकर धोंडीराम जाधवने. शेवंता दोन वर्षांनी गेली. आमची चाळ पडली, माणसं विखुरली. हिराबाय नाही, सखाराम नाही, ज्यांनी तोंड बंद ठेवलं त्यांतले बहुतेक नाहीत. सही करणारी मी आहे, ज्याला मला धरायचं असेल त्याने यावं.

दोन पोरांतला वसंता जगला. साठीचा आहे, विरारला राहतो, त्याला दोन मुली आहेत. हे त्याला विचारून लिहिलं आहे.